बडचा प्रोसेसर

मी सांगतोय ते घडलेलं आहे, आणि यातला एकही आकडा मी फुगवलेला नाही.

एकतीस वर्षं मी कॅनडातल्या थंडर बेच्या कागद गिरणीत मापयंत्रं सांभाळली. वाफेचा दाब, पाण्याचं तापमान, टाकीतली पातळी. काटा जिथे असेल तिथेच लिहायचा, आपल्या मनात असेल तिथे नाही, ही हाताला लागलेली सवय. त्यामुळे चार अंश होते असं मी म्हणतो, तेव्हा ते चारच होते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

जानेवारीचा तिसरा रविवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. आमचं स्वयंपाकघर. खिडकीतून टेबलावर ऊन आलेलं होतं आणि बायको माझ्या समोर बसली होती.

रात्र असती तर बरं झालं असतं. भास झाला म्हणून सोडून देता आलं असतं.

माझं नाव रेनो. बायकोचं व्हर्ना. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. व्हर्नाला मज्जातंतूंचा आजार आहे, दिवसेंदिवस वाढत जाणारा. आधी पाय गेले, मग आवाज गेला. आवाज जायच्या आधी डॉक्टरांनी सुचवलं म्हणून ती अकरा दिवस रोज दुपारी याच टेबलाशी बसली आणि माईकसमोर तिने सोळाशे वाक्यं वाचली. त्यातून तिचा आवाज तयार केला गेला. आता ती दोन बोटांनी टाइप करते, बटण दाबते आणि लॅपटॉप तिच्या आवाजात बोलतो. अगदी तिच्याच. वाक्य संपताना थोडं हसल्यासारखा होणारा.

पण लॅपटॉप जुना. ज्यांनी तो आवाज बनवून दिला, ते दुकान कधीच गुंडाळलं गेलं. त्यांचा प्रोग्राम त्या एकाच मशीनला बांधलेला आहे, दुसऱ्यावर नेला तर उघडत नाही. नवा आवाज बनवायचा तर वाचणार कोण? आणि हे मशीन म्हातारं झालेलं. व्हर्नाने बटण दाबल्यावर आवाज यायला चौदा सेकंद लागायचे. मी घड्याळ लावून मोजले आहेत.

चौदा सेकंदांनी काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही व्हर्नाला ओळखत नाही.

ही बाई पक्की टवाळ. लग्नात शपथ घेताना तिने पाद्रीबाबांना हसवलं होतं. तिच्या तोंडी लागायची गिरणीत कुणाची छाती नव्हती. आणि आता चारचौघांत कुणी काही बोललं, तिने खट्याळपणे टाइप केलं, बटण दाबलं... की चौदा सेकंद. तोवर लोक पुढच्या विषयावर गेलेले. मग मधेच तिचा आवाज यायचा. सगळे तिच्याकडे वळून दयेने मान हलवायचे.

नाताळात तिची बहीण स्टेफी आणि मेहुणा नेस्टर जेवायला आले होते. व्हर्नाने दिवसभर हात मांडीवर ठेवले. एक अक्षर टाइप केलं नाही. ते गेल्यावर मी विचारलं, का गं? तिने बोटं चालवली. मी थांबलो. चौदा सेकंदांनी आवाज आला.

"विनोद शिळा होतो, रेनो."

त्या दिवशी मी ठरवलं की हिच्या मशीनचा प्रोसेसर बदलायचा. आता फक्त तोच राहिला होता. माहिती साठवणारी चकती मी आधीच बदलली होती, मेमरी वाढवली होती. त्या काळच्या मशीनमध्ये प्रोसेसर पाटीला डाक लावून चिकटवलेला नसे. खोबणीत बसवलेला असे. एक स्क्रू अर्धा फिरवला की सुटा होऊन हातात येतो.

प्रश्न होता आणायचा कुठून. बाहेरून मागवायचा तर तीन आठवडे, आणि खोटा माल निघायची भीती वेगळीच. व्हर्नाची बोटं तीन आठवड्यांत किती उरतील, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

आणि तसाच एक प्रोसेसर दर आठवड्याला माझ्या नजरेसमोर होता.

आमच्या चर्चच्या तळघरात दर शनिवारी बारा ते चार दुरुस्तीचं टेबल लागतं. टोस्टर, शिलाई मशीन, रेडिओ, लॅपटॉप. निवृत्तीनंतर मी तिथे जातो. वही बर्निस सांभाळते. ती पूर्वी शाळेच्या ऑफिसात होती, आणि आम्ही सगळे अजून शाळेतच आहोत असं तिला वाटतं. तिचे नियम साधे. वस्तू ठेवून गेलात तर तिच्यावर कागदी चिकटपट्टी लागणार, त्यावर नाव आणि न्यायला यायची तारीख-वेळ. मालक आला नाही तर ती फळीवर एक वर्ष आणि एक दिवस राहणार. त्यानंतरच तिचे सुटे भाग काढायचे, आधी नाही.

सगळ्यात वरच्या फळीवर एक लॅपटॉप होता. व्हर्नाच्या लॅपटॉपच्याच जातीचा, पण आतला प्रोसेसर खूप चपळ. पट्टीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

'बड. शनिवार २ मार्च. ४:१०.'

म्हणजे वर्ष व्हायला सहा आठवडे बाकी होते.

मला तो माणूस अंधूक आठवत होता. पन्नाशीचा, मोठ्या हातांचा. कळफलकावर चहा सांडला म्हणून मशीन घेऊन आला होता. मी ते दुरुस्त केलं, पण तो न्यायला आलाच नाही. दोनदा फोन केला, बंद होता. माणसं अशीच असतात, म्हणून मी सोडून दिलं.

जानेवारीतल्या त्या रविवारच्या आदल्या शनिवारी बर्निस कॉफीची भांडी धुवायला गेली, तेव्हा मी वरचा लॅपटॉप काढला, मागून उघडला, प्रोसेसर काढून रिकाम्या काडेपेटीत ठेवला आणि मशीन होतं तसं परत ठेवून दिलं. सहा आठवड्यांनी काय फरक पडतो, असं स्वतःला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काटा मनात होता तिथे लिहिला.

रविवारी दुपारी व्हर्नासमोरच काम केलं. सुटे स्क्रू अंड्यांच्या खोक्यात एकेका खळग्यात. कळफलक काढला, पंखा आणि तांब्याची नळी काढली, वाळून पापडी झालेली जुनी पेस्ट पुसली. जुना प्रोसेसर उचलून पाकिटात घातला आणि पाकीट व्हर्नाच्या हातात दिलं. जुना भाग मालकाला परत द्यायचा, हाही बर्निसचाच नियम. मग बडचा प्रोसेसर सोनेरी कोपरा जुळवून खोबणीत ठेवला. त्याच्या खालच्या बारीक पायांपैकी एकही वाकला नाही. वर तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट.

मशीन चालू झालं. कोपऱ्यात मी तापमान दाखवणारी चौकट लावली होती. नवीन प्रोसेसर बसवला की सगळेच लावतात, पेस्ट नीट बसली का ते कळतं. एक्केचाळीस अंश. उत्तम.

व्हर्नाने टाइप केलं, बटण दाबलं.

"एवढा वेळ का लावलास?"

लगेच! बोट उचललं नाही तोच! मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग ती सुटलीच. माझ्या स्वेटरवर बोलली, माझ्या सुपावर बोलली, माझ्या घोरण्यावर बोलली. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं आणि मी मूर्खासारखा हसत आणि डोळे पुसत होतो. इतका आनंद मला कधी झाला असेल तर आठवत नाही.

आणि मग...

पंखा थांबला.

जुन्या लॅपटॉपचा पंखा सतत घरघरत असतो. इतका, की तो ऐकू येत नाही. थांबतो तेव्हाच ऐकू येतो. स्वयंपाकघर एकदम मुकं झालं. मला वाटलं, वायर निसटली. मी चौकटीकडे पाहिलं.

एक्केचाळीस. तीस. सतरा. नऊ...

चार.

घरात एकवीस अंश होते. चालू प्रोसेसर खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. मापक बिघडला असेल म्हणत मी मान फिरवली आणि भिंतीवरचं घड्याळ दिसलं. चार वाजून दहा मिनिटं. एक मिनिटभर ते तसंच राहिलं, मग पंखा घरघरला आणि आकडा वर चढला.

सोमवारी व्हर्ना खिडकीशी होती. हात गरम पिशवीखाली. लॅपटॉप टेबलावर, तिच्यापासून तीन हात लांब. मी बटाटे सोलत होतो.

पंखा थांबला...

"झालं का?"

व्हर्नाचा आवाज. मी न वळता म्हणालो, होतायत बाई, जेवायला अजून वेळ आहे. वळून पाहिलं तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. हात पिशवीखालीच होते.

मंगळवारी पुन्हा. चार दहा. पंखा थांबला...

"झालं का?" आणि थोड्या वेळाने, "दार बंद आहे."

मी सुरी खाली ठेवून व्हर्नाच्या हातांकडे पाहिलं, ते मांडीवर होते.

बुधवारी मी गिरणीतला माझा तापमापक काढला. तो खोटं बोलत नाही. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून त्याचं टोक तांब्याच्या नळीला लावून बसलो. चार दहाला पंखा थांबला... आणि माझ्या हातातला काटा खाली आला. चार अंश. तांब्यावर बाहेरून पाण्याचे थेंब धरले.

तो आकडा माझ्या ओळखीचा होता. गिरणीला लागणारं पाणी आम्ही सरोवराच्या तळातून खेचायचो. त्या नळीवरचा काटा मी एकतीस वर्षं रोज वाचला. वर बर्फ असो नाहीतर जुलैचं ऊन असो, खाली तळाशी तो कायम चारवर.

प्रोसेसरला काही आठवत नाही, हे मला माहीत आहे. आठवणी असतात त्या चकतीवर. प्रोसेसर नुसता मोजतो, वीज गेली की कोरा. हे मी त्या संध्याकाळी व्हर्नाला दोनदा समजावून सांगितलं. खरं तर स्वतःलाच सांगत होतो.

तिने टाइप केलं, "ते मी नाही बोलले. एवढं थोडक्यात मी कधी बोलते का?"

मी हसलो नाही. काय करू, विचारलं.

"कुणीतरी काहीतरी विचारतंय. कोण ते शोध."

शनिवारी मी दुरुस्तीच्या टेबलापाशी गेलो आणि बर्निसला सगळं सांगितलं. काडेपेटीसकट. वाटलं, ही माझा कान धरणार. तिने वही उघडली, मागची पानं चाळली आणि बोट ठेवून माझ्याकडे सरकवली.

ऑर्व्हिल टॅन्सी. त्याला सगळे बड म्हणायचे. पुढे बर्निसच्या अक्षरात, 'चार दहाला येणार. रेनो थांबणार आहे.'

आणि मला ते आठवलं.

मशीन ठेवताना तो म्हणाला होता, शनिवारी मी गोठलेल्या सरोवरावर मासे धरतो, साडेतीनला बर्फावरून उतरतो, इथे पोचायला चार दहा होतील. तुम्ही थांबाल ना? मी म्हणालो होतो, थांबतो की, दहा मिनिटांनी काय होतंय. दोन मार्चच्या शनिवारी चार वाजले. बर्निस आजारी म्हणून आली नव्हती, किल्ली माझ्याकडे होती. साडेचारला टीव्हीवर कर्लिंगचा, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, अंतिम सामना होता. येत नाही तो, म्हणालो, आणि चारच्या ठोक्याला कुलूप लावलं. चार म्हणजे चार. वेळेच्या बाबतीत माझा केवढा तोरा होता.

"तो आला होता," बर्निस म्हणाली. "समोरच्या घरातल्या बाईने त्याची पिकअप पाहिली. दार ठोठावत होता. मग गाडीत बसून राहिला, तू परत येशील म्हणून. मग गेला."

"कुठे?"

"परत बर्फावर. खोपट्यात कंदील राहिला होता म्हणे, तो आणायला. दोन तास मोकळे होते ना त्याला. मशीन घेऊन तो बहिणीकडे जाणार होता, तिथे सहाला जेवण होतं."

त्या संध्याकाळी वारा फिरला आणि किनाऱ्याजवळचा बर्फ फुटला. दोन मार्चला एक माणूस बुडून गेला हे मी पेपरात वाचलं होतं. ऑर्व्हिल टॅन्सी. मला बड माहीत होता, ऑर्व्हिल कोण ते माहीत नव्हतं. तो कधीच सापडला नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या घरात कमी होतं का?" बर्निसने वही मिटली. "मशीन सगळ्यात वर ठेवलं, कुणाचा हात लागू नये म्हणून. तुझाच लागला."

घरी येऊन मी व्हर्नाला सांगितलं. काहीही न लपवता. मग दोन बोटं हलली आणि तिचा आवाज आला, लगेच.

"दहा मिनिटं, रेनो."

त्या वेळी पहिल्यांदा मला वाटलं, हे वाक्य चौदा सेकंदांनी आलं असतं तर बरं झालं असतं. मी स्वतःला तेवढं सावरलं असतं.

मी म्हणालो, आत्ता काढतो, त्याचा त्याला परत. तिने डोळ्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, स्टेफी आणि नेस्टर पुन्हा जेवायला यायचे होते. तिने टाइप केलं, "उद्याचा एक दिवस दे. मग परत कर."

दिला.

रविवारी ते एक वाजता आले. स्टेफीने बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी आणले होते. पंधरा मिनिटांत व्हर्नाने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. नेस्टर आठवा पेरोगी ताटात घेत म्हणाला की डॉक्टरांनी त्याला पोटात नेहमी थोडी जागा ठेवायला सांगितली आहे.

"म्हणून तू पोटच मोठं केलंस," व्हर्ना म्हणाली.

वेळेवर. अगदी हवं तेव्हा. नेस्टरला ठसका लागला, स्टेफी टेबलावर हात आपटत हसली. आणि व्हर्नाचा चेहरा... तिला हसताना चेहरा पूर्ण हलवता येत नाही आता, पण डोळे पाहिले मी. तो एक दिवस मी नाकारला असता, तर मला स्वतःची लाज वाटली असती.

पण घड्याळ पुढे जात होतं. चार वाजून नऊला मी उठलो आणि लॅपटॉप बंद करायच्या बटणाकडे हात नेला. व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. नको, अजून नको. ती वाक्याच्या मध्यावर होती. मी हात मागे घेतला.

पंखा थांबला...

फक्त आम्हा दोघांनाच ते कळलं. ते दोघं अजून हसत होते. व्हर्नाने बोटं उचलली, हात हळूहळू मांडीवर, टेबलाखाली नेले.

"तुम्ही थांबणार होतात ना?" तिच्या आवाजात आलं.

स्टेफी खो खो हसली. "घे, रेनो. आता बोल. कुठे तडमडला होतास?"

"दार बंद होतं."

नेस्टर डोळे पुसत होता. त्याला वाटत होतं, माझी खेचली जातेय. चौकटीत चार दिसत होतं. व्हर्ना माझ्याकडे बघत होती.

"फार थंडी आहे हो इथे."

हसणं थांबलं. स्टेफी उठली, बाहेरच्या खोलीतून शाल आणली आणि बहिणीच्या खांद्यावर घातली. सांगायचं नाही का गं आधी, म्हणाली. कुणीही व्हर्नाच्या हातांकडे पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी मी बडचा प्रोसेसर काढला आणि व्हर्नाचा जुना पाकिटातून घेऊन परत बसवला. व्हर्ना बघत होती. चौदा सेकंद परत आले होते, म्हणायला काय उरलं होतं.

शेजारच्या बाईला तिच्यापाशी बसवून मी तळघरात गेलो. बडचं मशीन नीट जुळवलं, चालू करून पाहिलं. नवी पट्टी लावली. 'बड. तयार आहे.' दाराजवळच्या टेबलावर ठेवलं. चार वाजता मी कुलूप लावलं नाही. दार सताड उघडं ठेवलं आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. बर्निस घरी गेली नाही. कोट घालून, वही मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली.

चार दहा झाले. चार वीस. साडेचार.

जिन्यावरून थंड हवा तेवढी खाली येत होती. कुणी आलं नाही. मशीनचा पंखा साधा, नेहमीसारखा घरघरत होता. पाच वाजता बर्निस म्हणाली, जा आता, व्हर्ना वाट बघत असेल. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी कबूल केलं ते केलं, आता माझ्याकडून सुटलं, असं समजून मी घरी आलो.

शेजारची बाई गेली. मी कोट काढला. व्हर्नाची बोटं हलत होती. मी थांबलो. चौदा सेकंद.

"आज पंखा थांबला होता."

कधी, विचारायची गरज नव्हती. तापमानाची नोंद मशीनमध्ये राहते, ती उघडली. चार वाजून दहाला... चार. जुन्या प्रोसेसरवर. बडचा प्रोसेसर तेव्हा तळघरात माझ्यासमोर, बडच्या मशीनमध्ये होता.

"काय म्हणाला?"

पुन्हा चौदा सेकंद. "काही नाही. पण हिरवं लागलं होतं."

प्रोग्राममध्ये एक बारीकसा हिरवा ठिपका आहे. व्हर्नाने बटण दाबलं की तो लागतो, म्हणजे वाक्य तयार होतंय. चौदा सेकंदांनी आवाज येतो आणि ठिपका विझतो.

दुसऱ्या दिवशी मी समोर बसलो. चार दहा. पंखा थांबला... आकडा चारवर आला... आणि हिरवा ठिपका लागला. चौदा सेकंद गेले. तीस गेले. मिनिट गेलं. आवाज नाही. मी चहाचं भांडं ठेवायला म्हणून उठलो. उठलो मात्र, ठिपका विझला आणि पंखा चालू झाला.

तिसऱ्या दिवशी मी उठलो नाही. सव्वीस मिनिटं ठिपका जळत होता. शेवटी पाठ दुखली म्हणून उठलो, तर विझला.

तेव्हापासून हे रोज चाललं आहे. त्याने एक वाक्य सुरू केलं आहे. मशीन जुनं आहे, वेळ लागतोय. मी उठतो, आणि त्याला ते दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करावं लागतं. काल मी एक तास दहा मिनिटं बसलो. त्या वाक्यात काय आहे, याची मला भीती वाटते. आणि ते पूर्ण झाल्यावर काय होईल, याची त्याहून जास्त वाटते.

दर शनिवारी बर्निस पाच वाजेपर्यंत तळघराचं दार उघडं ठेवून बसते. मी तिला सांगितलेलं नाही. मशीन अजून तिथेच आहे. येत्या रविवारी दोन मार्च आहे.

आणि व्हर्नाचं डाव्या हाताचं बोट या आठवड्यात गेलं. आता एकच उरलं. तेही गेल्यावर या लॅपटॉपमधून तिच्या आवाजात कोण बोलेल, हा विचार मी मनात येऊ देत नाही. येतोच.

काल रात्रीच्या जेवणानंतर मी तिला म्हणालो, हे बंद करू या. चार वाजता मशीनची तारच काढून ठेवतो, बॅटरीसकट. संपलं.

तिने एका बोटाने टाइप केलं. खूप वेळ लागला. मग बटण दाबलं, हिरवा ठिपका लागला, आणि आम्ही दोघं ते चौदा सेकंद एकमेकांकडे बघत बसलो.

"या वेळी थांब."

आता चारला पाच मिनिटं कमी आहेत. व्हर्ना खिडकीशी आहे, लॅपटॉप टेबलावर आहे, पंखा चालू आहे. मी पाणी पिऊन घेतलंय. खुर्चीवर उशी घेतलीय.

लिहिणं इथेच ठेवतो. मला बसायचं आहे.